आमसुली गाठ

१

धनराज आणि मोहिनी ही सख्खी भावंडं, एका ताटात जेवून मोठी झालेली. पण २००१च्या फेब्रुवारीत इंदिरानगरच्या रो-हाउसमध्ये दोघं एका छपराखाली राहायला लागली, तेव्हा त्यांच्यातलं सगळं बोलणं चांगुणामार्फत चालायचं. चांगुणा म्हणजे सकाळी धुण्याभांड्याला येणारी बाई.

"चांगुणा, विचार त्यांना, डब्यात भाकरी देऊ की पोळी?" मोहिनी स्वयंपाकघरातून म्हणायची. 'ते' म्हणजे धनराज, तिथंच चार हातांवर स्टुलावर बसून बूट घालत असायचा.

"भाऊ, भाकर का पोळी?"

"काहीही."

"कायबी चालंल म्हन्ले," चांगुणा वळून सांगायची. मग पदरात हसून म्हणायची, "लय गंमत हे तुमची. मला याचा येगळा पगार पायजे."

आतल्या खोलीत आबा होते. रावजी त्यांचं नाव, वय शहात्तर. पोटातला आजार आतल्या आत पसरला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. आता जेवढं सुखाचं करता येईल तेवढं करा, म्हणाले होते. धनराजची बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. धनराजला अंबडच्या कारखान्यात नऊ ते साडेपाच ड्यूटी. म्हणून निफाडच्या शाळेतून महिन्याची रजा टाकून मोहिनी आली होती. येताना दोन पिशव्या आणल्या होत्या आणि एक निश्चय. या वेळी आपण जवळ असायचं. शेवटचं पाणी आपल्या हातानं पाजायचं.

कारण आईच्या वेळी ते झालं नव्हतं. आई, मंगलाबाई, त्र्याण्णव साली येवल्याच्या घरी वारली. फोन दोन्ही घरांत नव्हता. धनराजनं निफाडकडे जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दिली, ती दुसऱ्या दिवशी दहा वाजता शाळेत पोचली. मोहिनी येवल्याला उतरली तेव्हा राख सावडायची बोलणी चालली होती. आणि भाऊ आल्यागेल्याला सांगत होता, "मी पाजलं पाणी. शांतपणे गेली." तिथून पुढे आठ वर्षं ती त्याच्याशी अडल्याखेरीज बोलली नाही. आणि ती हट्टी असल्यामुळे तिचं फारसं अडलंही नाही.

२

आबांना दर दोन तासांनी कुशीवरून वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांच्या अंगाखाली दुहेरी चादर घातलेली होती. दोघांनी दोन बाजूंनी ती धरायची, जरा उचलायची आणि एकानं ओढायची. एकट्याला करायचं तर उशांचे टेकू देत देत, आणि तेव्हा आबा कण्हत.

आता न बोलणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना कसं सांगायचं की मी माझी पाळी संपवली, इथवर सगळं झालं? पहिल्याच सकाळी धनराज कामावर गेल्यावर मोहिनीला भाड्यानं आणलेल्या त्या लोखंडी पलंगाच्या गजाला लाल रेशमाचा धागा बांधलेला दिसला. तिला लगेच कळलं. मनाविरुद्ध हसूही आलं.

आई आणि आबा दोघंही पैठणीचे विणकर. माग एकच. सकाळी आबा बसत आणि जेवण झालं की आडवे होत. मग आई बसे. उठताना ज्यानं त्यानं आपल्या रंगाचा धागा कापडाच्या कडेला बांधायचा, इथवर माझं झालं, म्हणून. पुन्हा बसताना आपला धागा आपणच सोडायचा. आबांचा धागा लाल, आईचा आमसुली. गाठ दिसली की समजायचं, माणूस उठून गेलंय आणि परत येणार आहे. सबंध साडी झाली की मग गाठ लागत नसे.

दुपारी झोपून उठले की आबा डोळे न उघडताच विचारायचे, "कुठवर आलं?"

"येतंय," आई म्हणायची. मागाच्या खटखटीत तेवढाच एक शब्द.

पलंगाखाली आईचा रेशमाचा पत्र्याचा डबा होता. मोहिनीनं त्यातून स्वतःसाठी हिरवा धागा काढला. तिच्या गाठी उजव्या बाजूच्या गजांना, धनराजच्या पलंगाच्या डोक्याकडच्या गजांना. बोलणं वाचलं, काम चालू झालं.

३

पलंगाची डावी बाजू खिडकीकडे होती. त्या बाजूला पायापासून डोक्यापर्यंत वीतभर उंचीचे नऊ गज.

दुपारी साडेबाराला आबांना पेजेचे चार चमचे भरवून, कुशीवरून वळवून मोहिनी आपला धागा बांधायची आणि बाहेरच्या खोलीत चटईवर पडायची. पहाटेची पाळी तिची असल्यामुळे डोळ्यावर झापड असायची. पंखा घरघरायचा. बाहेर द्राक्षवाल्याची हातगाडी येऊन जायची, तिची हाळी झोपेत दूरवर ऐकू यायची. अडीचला उठायचं.

एका मंगळवारी ती उठून आत आली, तर आबा दुसऱ्या कुशीवर होते. चादरीला एक सुरकुती नव्हती. आबांचे ओठ पुसलेले, विस्कटलेले केस बोटांनी मागे सारल्यासारखे. आणि खिडकीकडच्या पहिल्या गजाला, पायाशी, आमसुली धागा.

दादा जेवायच्या सुट्टीत येऊन गेला असणार, तिनं ठरवलं. अंबड काय, स्कूटरनं दहा मिनिटं. लाल संपला असेल, हाताला लागला तो बांधला. मला उठवलंही नाही, एवढी माया कधीपासून? मनातल्या मनात टोमणा मारून ती चहा ठेवायला गेली. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी धागा दुसऱ्या गजाला होता. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. रोज दुपारी कोणीतरी आपली गाठ सोडत होतं आणि एक गज वर बांधत होतं. आबा कण्हल्याचा आवाज मात्र तिला एकदाही आला नव्हता. एकट्या माणसाच्या हातून ते कसं जमावं, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडलाही. पण विचारायचं म्हणजे भावाशी बोलावं लागणार.

४

शुक्रवारी चांगुणा पलंगाखालची फरशी पुसता पुसता थांबली.

"ताई, तुमच्यात डावं कोन हे?"

"का गं?"

"ही गाठ पाहा ना. तुमच्या दोघांच्या गाठीचं शेपूट इकडं, हिचं तिकडं. डाव्या हाताच्या मानसाची गाठ हे ही."

मोहिनी वाकली. गाठीचं टोक खरंच उलट्या बाजूला पडलं होतं. तिनं लहानपणी अशा शेकडो गाठी पाहिल्या होत्या. आई डावखुरी होती. घरात दुसरं कोणीच नव्हतं.

"कोणी नाही," ती म्हणाली. चांगुणानं फडकं पिळलं आणि बादली उचलून निघून गेली.

मोहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. मुलांना सांगायची की आधी निरीक्षण करा, मग बोला. म्हणून तिनं निरीक्षण केलं. अवघडून बांधली की गाठ कशीही पडते. खिडकीच्या बाजूनं वाकून बांधलं की उलटीच पडणार. हे सगळं पटण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. आबांच्या पोटऱ्या चाचपून म्हणाले, "पाय गुडघ्यापर्यंत गार पडलेत. खालून वर असंच येतं. तयारी ठेवा." मोहिनीची नजर गजाकडे गेली. आमसुली धागा चौथ्या गजाला होता, आबांच्या गुडघ्याच्या अगदी रेषेत.

शनिवारी झोपून उठल्यावर तिला आतून आवाज आला. आठवडाभर ज्या आबांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता ते अगदी स्वच्छ विचारत होते.

"कुठवर आलं?"

ती धावत आत गेली. खोलीत कोणी नव्हतं. आबा खिडकीकडे तोंड करून पडले होते आणि उत्तर मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा निवला होता. धागा पाचव्या गजाला होता.

५

तिला आईची भीती वाटली नाही. तिला भीती वाटली ती उशिराची. चार गज राहिले होते. चार दुपारी. त्यातल्या शेवटच्या दुपारी आपण पुन्हा दुसऱ्या खोलीत झोपलेले असू, आणि उठून येऊ तेव्हा सगळं आवरून ठेवलेलं असेल. आईनं जाताना तिला एकदा दाराबाहेर ठेवलं होतं, निदान तिला तसंच वाटत आलं होतं. आता पुन्हा तेच होणार होतं.

तिनं हात घातला आणि ती गाठ सोडली.

सात वर्षांची असताना तिनं हे एकदा केलं होतं. बाहुलीच्या केसांना बांधायला मागावरचा आमसुली धागा सोडून नेला होता. नक्षीच्या वेलीतलं कुठलं पान चालू होतं ते आईला सापडेना. मग अर्ध्या दिवसाचं काम उसवावं लागलं होतं. आईनं मारलं नाही. फक्त म्हणाली होती, "ज्याची गाठ त्यानं सोडायची, मोहे. दुसऱ्यानं सोडली की केलेलं उसवावं लागतं."

तीन वाजता आबा कण्हायला लागले. चार दिवस गार पडलेले पाय हलले, आखडले, चादरीवर घासू लागले. गोळी दिली, पोटात ठरली नाही. डॉक्टरांचा कंपाउंडर येऊन इंजेक्शन देऊन गेला, त्यानंही काही झालं नाही. साडेचारला आबांनी डोळे उघडले. डोळ्यांच्या कडेतून पाणी वाहत होतं. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "कोणी सोडली गं?"

मोहिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. धागा तिच्या मुठीत होता.

६

धनराज सहाला आला. चांगुणा नव्हती, निरोप्या नव्हता. मोहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा."

तो बूट काढता काढता थांबला. आठ वर्षांत ती हाक त्यानं ऐकली नव्हती.

"दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी येतोस का तू?"

"मी? नाही. डबा नेतो की. तूच भरतेस."

खरंच की. डबा तीच भरत होती. संध्याकाळी रिकामा आलेला डबा तीच घासायला टाकत होती. इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही, हे तिला कळेना. यायला नको होती, म्हणून आली नव्हती.

तिनं मूठ उघडली. "मग हा?"

"तुझाच ना तो? आईचा रंग कुठून तरी शोधून आणलास. मला वाटलं..." तो अडखळला. "मला वाटलं, तुझा राग उतरतोय. म्हणून विचारलं नाही."

"तूच डब्यातून घेतला असशील असं मला वाटलं."

"डब्यात आमसुली नाही, मोहिनी. एकच लड होती. ती मी आईच्या हातात ठेवली होती, नेताना. तिच्याबरोबर गेली."

आतून आबांचं कण्हणं येत होतं. धनराज स्टुलावर बसला. एक बूट तसाच पायात होता.

"तुला एक सांगायचं राहिलंय," तो म्हणाला. "मी पाणी पाजलं नव्हतं."

मोहिनीची मूठ धाग्यावर पुन्हा मिटली.

"दुपारची वेळ होती. तीन रात्री जागलो होतो. बाहेरच्या ओट्यावर जरा टेकलो तर डोळा लागला. उठून आत गेलो, तर सगळं संपलेलं. तांब्या उशाशी होता, पण तिच्या हाताला पोचणारा नव्हता. ओठ कोरडे, फुटलेले. हात तांब्याच्या दिशेला तसाच." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग लोक आले. मी म्हणालो, मी पाजलं. एकदा म्हणालो ते म्हणालो. तुला चिठ्ठी उशिरा का धाडली, ठाऊक आहे? तू वेळेवर आली असतीस तर तिचे ओठ बघितले असतेस. मला तोंड दाखवायची हिंमत नव्हती."

मोहिनीला राग आला. चांगला उभा राग आला. पण गेला आठवडाभर ती स्वतः रोज दुपारी बाहेरच्या खोलीत झोपत होती. तिनं भावाच्या पायातला राहिलेला बूट काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "चल आत. दोघं मिळून वळवू त्यांना."

७

धनराजनं रजा घेतली. चार दुपारी दोघंही पलंगाशी जागत बसली. कोणी आलं नाही. गजाला धागा लागला नाही. आणि आबा चार दिवस तडफडले. न तुटता ताणल्या गेलेल्या धाग्यासारखी त्यांची गत झाली होती. आपण कोणाची वाट अडवून बसलोय, हे दोघांनाही समजत होतं. पण उठायला कोणी तयार नव्हतं. मोहिनी तर मुळीच नाही. हातात वाटी, चमचा, वाटीत तुळशीचं पान. आईला एकटीला तहानेनं मरू दिलं, आबांना नाही देणार.

पाचव्या दुपारी आबांनी डोळे उघडले. आवाज फुटत नव्हता, पण ओठांवरून कळलं.

"येऊ द्या तिला."

मोहिनीनं पर्समध्ये घडी करून ठेवलेला आमसुली धागा काढला. तो बांधायचा हक्क तिचा नव्हता. तिनं तो पाचव्या गजावर नुसता ठेवला. धनराजनं बघितलं.

"पाणी शिळं झालंय," तो वाटीकडे बघून म्हणाला. "ताजं आणतो." वाटीत होतं ते चार चमचे पाणी तिच्याजवळ तसंच ठेवून तो तांब्या घेऊन बाहेर गेला.

पंखा घरघरत होता. हातगाडीवाल्याची हाळी गल्लीतून पुढे गेली. मोहिनीला झोप येत नव्हती, तिनं मान मात्र खाली घातली. नजर आबांच्या खांद्यावर, त्यापलीकडे नाही.

दोन वाजले. वळवायची वेळ झाली. सवयीनं तिनं आपल्या बाजूची चादर धरली. पलीकडची बाजूही उचलली गेली. दादा आला वाटतं, तिच्या मनात आलं. अगदी हलका, सरळ ओढा होता. ताण दोन्हीकडे सारखा. जन्मभर ताणलेल्या धाग्यात काम केलेल्या हाताचा. आबा हूं की चूं न करता खिडकीकडच्या कुशीवर वळले.

तेव्हा स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. तांब्यात पाणी पडायला लागलं.

मोहिनीनं चादर सोडली नाही. आबांच्या खांद्यापलीकडे, चादरीच्या काठावर तिला चार बोटं दिसली. डाव्या हाताची. पहिल्या बोटाच्या नखाला रेशमानं कापत कापत पाडलेली खाच. त्याच्यावर मनगट होतं, आणि मनगटाच्या वर तिनं बघितलं नाही. बघायची इच्छा होती, फार होती. मान उचलली जाईना.

"कुठवर आलं?" आबांनी विचारलं.

उत्तर तिला ऐकू आलं नाही. त्यांना आलं असावं. त्यांनी एक लांब श्वास सोडला, तापलेल्या माणसानं गार फरशीवर पाठ टेकावी तसा.

ती उभी राहिली, पलंगावरून वाकली आणि आबांच्या ओठांशी चमचा नेला. तुळशीच्या पानासकट त्यांनी पाणी घेतलं. घोट गळ्यातून उतरताना तिला दिसला. दुसरा श्वास आला नाही.

आठ वर्षं जे मागितलं होतं ते झालं होतं. ती वेळेवर पोचली होती. तरी तिचा हात वाटीकडे पुन्हा गेला. तिनं दुसरा चमचा भरला. सांडू नये म्हणून डाव्या हातानं मनगट धरलं, आणि आबांच्या अंगावरून तो चमचा तसाच पुढे नेला, पलीकडच्या बाजूला, चादरीच्या काठाच्या जरा वर. मान खाली घालून धरून ठेवला. मनात किती आकडे मोजले ते तिला नंतर आठवलं नाही.

चमचा हलका झाला.

धनराज तांब्या घेऊन आत आला, तेव्हा आबा खिडकीकडे तोंड करून स्वस्थ पडले होते. चादरीला एक सुरकुती नव्हती. पाचव्या गजावर काही नव्हतं, आणि कुठल्याच गजाला आमसुली गाठ नव्हती, सबंध साडी झाल्यासारखी. मोहिनी रिकामा चमचा अजून पलंगापलीकडे धरून उभी होती. त्यानं पलीकडे जाऊन फरशीवरून हात फिरवला. फरशी कोरडी होती.

तो खाली बसला. डोक्याच्या बाजूची लाल गाठ त्यानं सोडली, मोहिनीनं आपली हिरवी सोडली. मग पुष्कळ वेळानं, तिच्याकडे न बघता, त्यानं विचारलं,

"घेतलं तिनं?"

"घेतलं, दादा," मोहिनी म्हणाली.